पंचायतीच्या पडीक जागेवर 200 मीटरचा ट्रॅक : कामाच्या नोंदी

14 नोव्हेंबर 2023, मंगळवार, पाडवा

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. वहीच्या पहिल्या पानावर कामाचं नाव टाकलं, ट्रॅक. गावाबाहेर जुन्या खळ्यांच्या मागे पंचायतीची जी पडीक जागा आहे ना, तिथे धावायला मातीचा ट्रॅक करायचा आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरी तिथे पळवायच्या, एवढंच काम.

आत्ता पोरी अमळनेर रोडवर पळतात, पहाटे पाचला, मिट्ट काळोखात, आणि त्याच टायमाला कापसाच्या गाड्या नि डंपर सुरू होतात, मागच्या आठवड्यात एक डंपर इतक्या जवळून गेला की मोठीची ओढणी त्याच्या वाऱ्याने उडून कडेच्या बाभळीत अडकली. त्या दिवशी घरी आले आणि मशीनवर बसले तरी हात थरथरत होते माझे. तेव्हाच ठरलं.

मी शिवणकाम करते. वय 37. मी पण 2006 साली भरतीला गेले होते जळगावला, शेवटच्या राउंडला पाय उचलेना म्हणून बाहेर बसले ती बसलेच. परत गेलेच नाही. कोणी जा म्हंटलं नाही आणि मला स्वतःला पण वाटलं की एकदा पडलो म्हणजे झालं, आपल्याला ते जमत नाही. पुढे लग्न, पोरं, दुकान. दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरला आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता कधी पळायला लागले ते कळलंच नाही. मग एकेक करून या पोरी मागे यायला लागल्या. सध्या सात आहेत.

नावं लिहीत नाही, वही दुकानात पडलेली असते, कोणीही उघडतं. मोठी, मळ्यातली, नदीकडची, दोघी बहिणी, मागल्या गल्लीची आणि शाळेजवळची, अशा सात.

28 नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी अवकाळी आला. उभा कापूस भिजला, बोंडं काळी पडली, आता ज्याच्या घरी बघावं तो वेचणीच्या घाईत. सातपैकी दोनच पोरी आल्या आज. बाकीच्यांना रागावण्यासारखं काही नाही, किलोमागे दहा रुपये मिळतात वेचणीचे आणि घरचा कापूस असेल तर मग विषयच नाही, जावंच लागतं. वहीत हजर-गैरहजर असे दोन रकाने आखलेत, आज पाच फुल्या पडल्या.

जागेचं बोलणं झालं. सरपंचताई हो म्हणाल्या, लेखी ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत. पण एका घरचा उकिरडा तिथे तीस वर्षांपासून आहे, तो हलवायला ते तयार नाहीत. म्हणजे नाही असं म्हणत नाहीत, पण उद्या बघू म्हणतात. मी रोज संध्याकाळी जाऊन ओट्यावर बसते आणि चहा पिऊन येते, विषय काढते आणि उठते. भांडण करायचं नाही, पण एकही संध्याकाळ सोडायची नाही.

9 डिसेंबर, शनिवार

उकिरडा हलला! अकराव्या चहाला. घरातल्या आजीबाईच म्हणाल्या मुलाला, "दी टाक रे ती जागा, रोज येस बिचारी."

जेसीबी तीन तास लावला, वेडी बाभूळ आणि गाजरगवत काढलं. पैसे आमच्या ह्यांनी दिले, न मागता. काळी माती आहे, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून वर मुरूम लागणारच, पण आधी आखणी.

आखणीचं लिहून ठेवते कारण याचा मला फार आनंद झालाय. खरा ट्रॅक 400 मीटरचा असतो, त्याच्या सरळ बाजू 84.39 मीटरच्या आणि वळणाची त्रिज्या साडेछत्तीस मीटर. आपली जागा 100 बाय 52. बसतच नाही. मग 200 चा करू म्हंटलं, पण वळण किती धरायचं ते कोणालाच सांगता येईना, शाळेजवळची गणितात हुशार आहे ती पण अडकली. रात्री मी एक अंब्रेला फ्रॉक कापत होते आणि हात थांबलाच. अंब्रेलाचा घेर कापताना आम्ही काय करतो, कंबर 28 असली की तिला 6.28 ने भागायचं, साडेचारच्या आसपास येतं, तेवढा टेप कापडाच्या कोपऱ्यावर धरून गोल फिरवायचा नि खडूने खुणा करत जायचं. ट्रॅकचं पण तेच तर आहे! दोन सरळ बाजू 40-40 मीटर, झाले 80. उरले 120. दोन अर्धे गोल मिळून एक पूर्ण गोल, मग 120 भागिले 6.28, उत्तर 19.1 मीटर. पंधरा वर्षं मी हे गणित कापडावर करतेय आणि ते जमिनीवर पण चालतं हे आजच कळलं.

एक बारीक गोष्ट अजून, पळणारी बाई रेषेवर पाय देत नाही, थोडी बाहेरून पळते, म्हणून कडेला उंचवटा नसला तर लांबी रेषेपासून 20 सेंटीमीटर बाहेर धरून मोजतात. म्हणजे फक्की मारायची ती 18.90 वर. मधोमध खुंटी ठोकली, सुतळी बांधली, मोठीने दुसरं टोक धरून चक्कर मारली आणि मागून मी फक्की टाकत गेले. उजाडलं तेव्हा काळ्या मातीवर पांढरी लाइन दिसायला लागली, पोरी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या बघत उभ्या होत्या.

24 डिसेंबर, रविवार

मुरूम सहा ट्रॉल्या पडला. आधी वखर घातलं, वरून फळी फिरवली, मग मुरूम पसरून पाणी मारलं आणि ट्रॅक्टरचं चाक घालून घालून दाबला. रोलर मिळाला नाही. संध्याकाळी तिथेच भरीत केलं, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, कळण्याची भाकरी नि कांद्याची पात, ट्रॅक्टरवाले दादा पण जेवले.

आता पळण्याचं. मुलींना 800 मीटर असतं, 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलं की 20 पैकी 20 मार्क, पुढे दर दहा सेकंदाला दोन मार्क जातात. म्हणजे आपल्या ट्रॅकवर चार राउंड, एक राउंड साडेबेचाळीस सेकंदात.

आज पहिल्यांदा एकेक राउंडचा टाइम लिहून घेतला. मोठीचा: 36, 44, 50, 55. एकूण 3:05. पहिला राउंड बघून मागल्या गल्लीची टाळ्या वाजवत होती आणि चौथ्या राउंडला मोठीची मान मागे पडलेली, हात छातीजवळ आवळलेले, पावलं जागच्या जागी पडतायत असं वाटत होतं. मला माझा 2006 चा शेवटचा राउंड आठवला, अगदी तसाच, तेव्हा मला वाटलं होतं माझ्यात दम नाही. दम नाही असं काही नव्हतं, पहिल्या राउंडलाच सगळा उधळला होता, आणि हे सांगायला तेव्हा कोणी नव्हतं. सतरा वर्षं मी चुकीचं समजत राहिले.

तिला म्हंटलं तीन दिवस जाऊ दे, मग पहिला राउंड 44 च्या आत आलीस तर थांबवून परत पळायला लावेन. ती म्हणाली, काकू, हळू पळायला लय जीव लागतो. खरंय ते. शेजारची पुढे जात असते, अंगात ताकद असते, आणि तरी पाय आवरायचा, त्याला मन घट्ट लागतं.

रात्री जेवताना पोरींना अख्वारीची गोष्ट सांगितली. टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी, 1968 ची मेक्सिको ऑलिंपिकची मॅरेथॉन, वाटेत पडला, गुडघ्याला लागलं, पट्टी बांधून लंगडत लंगडत पळत राहिला, पहिला नंबर येऊन तासाहून जास्त झालेला आणि अंधार पडलेला तेव्हा तो स्टेडियममध्ये आला. 42.195 किलोमीटर पूर्ण केले त्याने. दोघी बहिणींच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या पण.

6 जानेवारी 2024, शनिवार

चूक सापडली, माझी. दोन आठवडे पोरींचे टाइम वाईट येत होते. 44-44-44-43 असं ठरवून पळतात, सगळं नीट करतात आणि तरी शेवटी दोन-अडीच सेकंद जास्तच. मळ्यातली तर रडायला आली होती. आज गवंडीदादांकडून स्टीलचा टेप आणला आणि खुंटीपासून मोजलं तर 18.90 च्या जागी 19.40. सुतळी ताणली गेली. दवात भिजलेली सुतळी ओढून धरली की लांबते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला पाहिजे होती. अर्धा मीटर त्रिज्या वाढली म्हणजे राउंडला तीन मीटर वाढले, चार राउंडला साडेबारा मीटर. पोरी 800 नाही, 812 पळत होत्या रोज.

सगळ्यांना बोलावून सांगितलं, माझी चूक झाली, तुम्ही हळू नव्हत्या, ट्रॅक मोठा होता. आता सुतळीच्या जागी जी आय तार, आणि दर पंधरा दिवसांनी टेपने मोजायचं. वळणं दोन्ही परत आखली.

माझे स्वतःचे आज 7 किलोमीटर झाले. न थांबता.

23 जानेवारी, मंगळवार

हे लिहायला जड जातंय.

मळ्यातली आज दुसऱ्या राउंडला खाली बसली. नडगी दाबून. जवळ जाऊन बोट लावलं तर हाडावर एकाच जागी, रुपयाएवढ्या जागेत, नुसतं टेकवलं तरी कळ. विचारलं कधीपासून, तर म्हणे पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस! रोज पळत होती, घरी जाऊन चोरून तेल लावत होती आणि वेचणीला जात होती. सांगितलं का नाहीस व बाई, म्हंटलं, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्हीच नाही का सांगितलं, तो मेक्सिकोवाला..."

मला काही बोलताच आलं नाही.

अमळनेरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्सरेत फ्रॅक्चर दिसत नाही म्हणाले, पण सुरुवात असू शकते, सुरुवातीला एक्सरेत येतच नाही ते. तीन आठवडे पळणं बंद. कारण विचारलं तर म्हणे एकदम अंतर वाढवलं असेल, आणि डांबरी रस्ता. दोन्ही बरोबर. डिसेंबरात दोन किलोमीटरवरून पाचवर नेलं होतं मी त्यांना, आठ-दहा दिवसांत. दम लवकर वाढतो पण हाडाला वेळ लागतो, आधी ते आतून झिजतं आणि मग भरून निघून मजबूत होतं, त्या मधल्या दिवसांत आपण थांबलो नाही तर तडा जातो.

येताना एसटीत मोबाइलवर अख्वारीबद्दल अजून वाचत होते आणि जे सापडलं ते त्या रात्री सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो तिथे संपला नाही. दोन वर्षांनी, 1970 ला एडिंबराच्या कॉमनवेल्थमध्ये तो परत मॅरेथॉन पळाला आणि पाचवा आला. गुडघा बरा करून. ती लंगडत पळाल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, डोळ्यात पाणी येतं म्हणून, आणि गुडघा बांधून घरी बसला असेल, परत हळूहळू चालायला नि पळायला लागला असेल, ते दोन वर्षांचं काम कोणी सांगत नाही. मला तेच सांगायला पाहिजे होतं. ऑलिंपिकच्या एका शर्यतीत दुखणं दाबणं वेगळं आणि रोजच्या सरावात दाबणं वेगळं. माझ्यामुळे पोरीने पंधरा दिवस दुखणं काढलं.

11 फेब्रुवारी, रविवार

मळ्यातली आली! डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीय, पळायला नाही, तर ट्रॅकच्या बाहेरून चार राउंड चालली आणि स्टॉपवॉच धरून बसली.

वहीत तिच्या नावापुढे फुल्याच फुल्या झाल्यात, त्यापुढे आज नुसतं हजर लिहायचं जिवावर आलं. रोज येणारीचं हजर आणि एकोणीस दिवस घरी बसून, भावाचे टोमणे ऐकून, परत पहाटे दार उघडून येणारीचं हजर, हे एक कसं? पट्टी घेतली आणि तिसरा रकाना आखला. "परत आली". मागची पानं काढून जुन्या नोंदी पण भरल्या, अवकाळीनंतर कोण कोण परत आलं, तापातून कोण, पाळीच्या त्रासातून कोण, घरी भांडण झाल्यावर कोण. भरता भरता लक्षात आलं की सगळ्यात जास्त टिक-खुणा दोघी बहिणींच्या आहेत. दोघींत बुटाचा एकच जोड आहे, धाकटी पुढे वर्तमानपत्राचा बोळा घालून घालते, एक पळते तोवर दुसरी चपलेवर उभी असते. दोन दिवसाआड काहीतरी अडतं त्यांचं आणि दोन दिवसाआड त्या परत येतात.

यापुढे हा रकाना आधी बघायचा.

3 मार्च, रविवार

भरतीचे फॉर्म सुटणार म्हणून आज सगळ्यांची उंची मापली, दुकानातल्या टेपने, भिंतीला लावून, डोक्यावर पाटी आडवी धरून. मुलींना 155 सेंटीमीटर लागते. नदीकडची 153. परत मापली. परत 153. तिने टाचा जमिनीला घट्ट टेकवून धरल्या होत्या, उचलल्या नाहीत, इतकी प्रामाणिक पोर.

ती आमच्यातली सगळ्यात चांगली पळणारी. गेल्या रविवारी 2:49. मला हे जानेवारीतच बघायला पाहिजे होतं, सुरुवातीलाच. कागद वाचले होते मी, धावण्याचेच वाचले.

ती काही न बोलता गेली.

26 मार्च, मंगळवार, धुळवडीचा दुसरा दिवस

तेवीस दिवस नदीकडची आली नाही. दोनदा घरी गेले, आई म्हणाली झोपलीय. तिसऱ्यांदा गेलेच नाही, म्हंटलं उकिरड्यासारखं इथे रोज जाऊन बसणं बरोबर नाही, इथे तिची तिलाच वाट काढू द्यावी.

आज पाचला खुंटीपाशी कोणीतरी उभं दिसलं अंधारात. तीच. केसांत अजून रंग होता कालचा. मी विचारलं, आता कशाची तयारी करायची तुला, दुसरी कोणती भरती बघू या का, वनरक्षकला उंची कमी लागते म्हणतात, चौकशी करू. तर ती बूट बांधता बांधता म्हणाली, "ते बघू काकू. माले पयाले आवडस."

एवढंच. आणि पळायला लागली.

मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. चार महिने मी यांना मार्कांसाठी पळवत होते, सेकंद आणि मार्क, सेकंद आणि मार्क, आणि ही पोर एक पण मार्क मिळणार नाही हे माहीत असून पहाटे उठून आली. माझं पळणं पण असंच सुरू झालं होतं ना, शुगरसाठी, आणि आता शुगर नॉर्मल आलीय तरी मी थांबलेली नाही. तिसऱ्या रकान्यात टीक केली. पेन जरा जोरातच टेकलं.

21 एप्रिल, रविवार

ऊन. सहा वाजता पण अंगाला चटका बसतो. आता पावणेपाचला सुरू, सहाच्या आत बंद. पहिला आठवडा टाइम सगळ्यांचे पडले, पोरी घाबरल्या, त्यांना सांगितलं की उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, मग टाइम आपोआप येतो. तेवढे दिवस घड्याळ बघायचंच नाही, श्वास बघायचा, पळता पळता दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बाराव्या-तेराव्या दिवसापासून खरंच फरक पडला.

पाणी: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, उकळून गार केलेलं. मीठ जास्त घालायचं नाही, मागल्या गल्लीचीने मूठभर टाकलं होतं अंदाजाने, ते ओतून दिलं.

10 मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज सुट्टी द्यायची ठरली होती. पण आखाजीला माहेरवाशिणी आल्यात ना गावात, सकाळी झोके बांधायला लिंबाकडे निघाल्या तर वाटेत आपला ट्रॅक. सात-आठ जणी थांबल्या. त्यातली एक माझ्याच वयाची, माझ्याबरोबर 2006 ला जळगावला आली होती ती, आता धुळ्याकडे असते. मला बघून म्हणाली, काय करी राहिनी व इथं? मी सांगितलं. तिने चपला काढल्या, नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, निऱ्यांचा ओचा वर खोचला, बांगड्या मनगटावर सरकवल्या आणि विचारलं, कोणत्या बाजूने पळायचं?

डावा हात आत, म्हंटलं.

पहिल्या वळणाला तिची पावलं मुरमावर फट फट वाजत होती, दुसऱ्या सरळ बाजूला पदर सुटला तो तिने दातात धरला, शेवटच्या वळणाला ती कमरेवर हात ठेवून चालायला लागली, मला वाटलं आता बसेल. बसली नाही. दहा-बारा पावलं चालली आणि परत पळाली. फक्कीच्या रेषेवर येऊन थांबली तेव्हा बाकीच्या गौराईची गाणी म्हणायची सोडून टाळ्या वाजवत होत्या. मळ्यातलीने स्टॉपवॉच दाखवलं, 1 मिनिट 21. तिने विचारलं पण नाही चांगलं का वाईट. माझा हात धरला, तळवा ओला होता तिचा, आणि म्हणाली, तेव्हा आपण दोघी आठ दिवसांनी परत पळायला लागलो असतो तर गं?

मी काही उत्तर दिलं नाही. झोक्यावर बसलो दोघी नंतर.

26 मे, रविवार

पारा 45 च्या घरात. ट्रॅकच्या बाहेर काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, मुरमाखाली पण दोन जागी भेग वर आलीय, बुजवली. अंतर निम्मं केलं सगळ्यांचं. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, जवळ आलं की पोरींना वाटतं आता जास्त पळावं, पण आता जे पळाल ते अंगी लागायला वेळच नाही, उलट थकवा घेऊन जाल. मोठी ऐकत नाही, संध्याकाळी चोरून पळते. तिच्या आईला सांगून बूट कपाटात ठेवायला लावले.

मळ्यातली 19 मार्चपासून पळतेय परत, आठवड्याला थोडंथोडं वाढवत. नडगी शांत आहे.

27 जून, गुरुवार

पाऊस लागला म्हणून तारीख पुढे गेली आणि शेवटी एकदाचं ग्राउंड झालं. रात्री दीडला निघालो, जीपने, सगळ्या. नदीकडची पण आली, पाण्याची कॅन धरायला.

मी बाहेरच होते, आत सोडत नाहीत. गेटबाहेर शेकडो आईबाप ओल्या फुटपाथवर बसलेले, कोणी नाशिककडचे, कोणी बुलढाण्याचे, टिफिन उघडायची पण कोणाला इच्छा नव्हती. मोठी आली बाहेर, 2:53, अठरा मार्क. म्हणाली पहिल्या राउंडला सगळ्या पुढे निघून गेल्या काकू, मी मागून तिसरी, लय भीती वाटली, मग मनात आपले आकडे म्हणत राहिले, आणि शेवटच्या दोनशेला एकेक जण मागे पडायला लागली. बहिणींपैकी थोरली 3:08, सोळा. धाकटी 3:14, चौदा मार्क, या वेळी दोघींच्या पायात वेगवेगळे बूट होते, गावातल्या एका दादांनी आणून दिले. मळ्यातली 3:22. बारा. मला वाटलं ती रडेल, तर ती नडगीवर हात फिरवत म्हणाली, दुखलं नाही काकू.

शाळेजवळची पडली, वळणावर, चिखलात. उठून पूर्ण केलं पण चार मिनिटांच्या पुढे गेलं, शून्य. जीपमध्ये कोणाशी बोलली नाही. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तरी खाली उतरली नाही. मी शेजारी जाऊन बसले, चहाचा ग्लास तिच्या हातात दिला आणि तिला एवढंच सांगितलं की आठ दिवस ये नको. नवव्या दिवशी मी तुझ्या दारात उभी असेन, पाच वाजता.

11 ऑगस्ट, रविवार, कानबाई

घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसलीय, रोटांचं दळण कालच झालं, सासूबाई सकाळपासून पाच वेळा म्हणाल्या, आज तरी घरमा ऱ्हाय. पण पहाटे अर्धा तास जाऊन आलेच, बघायचं होतं.

पावसाने खळ्याकडचं वळण वाहून नेलंय. मुरूम पंधरा-वीस फूट खाली नाल्यात गेला, खाली काळी माती उघडी पडली, पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. चूक अशी की ट्रॅक सपाट केला, पाणी जायला आतल्या बाजूला उतार दिलाच नाही. आता ते वळण उकरून, आतल्या बाजूला चर काढून, परत मुरूम. तीन ट्रॉल्या तरी लागतील. बैलपोळ्यापर्यंत व्हायला पाहिजे.

मोठी आणि थोरली लेखी देऊन आल्यात, यादीची वाट बघतायत. धाकटी आणि मळ्यातली पुढच्या भरतीसाठी रोज येतात. मागल्या गल्लीचीचं लग्न ठरलं, नवऱ्याकडे विचारून ठेवलंय म्हणे पळायचं, आम्ही पण विचारून ठेवू. नदीकडचीने वनरक्षकचे कागद आणले. लहान पोरी नवीन चार आल्या, सातवी-आठवीच्या, त्या नुसत्या मजेत पळतात, त्यांना घड्याळ लावायचं नाही असं ठरवलंय.

शाळेजवळची नवव्या दिवशी आली नव्हती. मी गेले होते दारात, लाइट लागला आणि परत बंद झाला. विसाव्या दिवशी पण नाही. मी विचारायचं सोडून दिलं होतं, पण तिचं नाव वहीतून काढलं नव्हतं, चव्वेचाळीस फुल्या झाल्या होत्या काल रात्रीपर्यंत.

आज मी वाहून गेलेल्या वळणापाशी उभी होते तर मागून आवाज आला, कोणीतरी तार ओढत आणतंय जमिनीवरून. ती होती. एका हातात तारेचं भेंडोळं, दुसऱ्या हातात फक्कीची बादली, पायात चप्पल पण नाही, चिखल पोटरीपर्यंत. मला म्हणाली, खुंटी तिरकी झालीय काकू, आधी ती सरळ करू.

खुंटी सरळ केली. टेप उद्या आणायचा गवंडीदादांकडून.